हवेची बाकी

आमच्या साताऱ्याच्या घराच्या अंगणात, पारिजातकाच्या झाडाखाली, लागोपाठ तीन रविवार एक पिकअप गाडी जबडा वासून उभी होती, आणि तिच्या त्या उघड्या जबड्यात माझा पुतण्या व त्याने शहराच्या कोणत्या तरी गल्लीतून शोधून आणलेला एक वायरमन असे दोघेजण कमरेपर्यंत शिरून, रुग्णाच्या उशाशी उभ्या राहिलेल्या दोन वैद्यांनी एकमेकांच्या विद्येचा अदमास घ्यावा तसे, हलक्या आवाजात बोलत होते. मी ओसरीवर वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. उतारवयात वर्तमानपत्राचा उपयोग वाचण्यापेक्षा त्याच्या आडून पाहण्यासाठीच अधिक होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी त्या तीन रविवारी जगाच्या घडामोडींचे किती ज्ञान मिळवले असेल याची कल्पना सहज करता येईल.

प्रकरण असे होते, की पुतण्याला आपल्या गाडीत हवा भरण्याचा कॉम्प्रेसर कायमचा बसवावयाचा होता. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस. पुढे घरच्या माणसांना बसायला ऐसपैस जागा आणि मागे सामानासाठी उघडा हौदा, अशी अर्धी गृहस्थाश्रमी व अर्धी मालवाहू. ती घेऊन तो वर्षातून दोनचारदा, जेथे रस्ता संपतो तेथून पुढे जातो. कधी स्पितीच्या खोऱ्यात, कधी जैसलमेरच्या पलीकडे, आणि रजाच मिळाली नाही तर कोयनेच्या अंगाच्या एखाद्या दगडी गाडीवाटेने. कॉम्प्रेसर मात्र ऑस्ट्रेलियाचा. मेलबर्न येथे १९७५ साली अँथनी रोनाल्ड ब्राऊन नावाच्या गृहस्थाने आपल्याच नावाच्या आद्याक्षरांवरून एआरबी हा कारखाना काढला, आणि त्या खंडाच्या रखरखीत अंतर्भागात गाड्या घेऊन हिंडणाऱ्यांना लागणारा सरंजाम तो तयार करतो, ही माहिती मला खोके उघडता उघडता पुरवण्यात आली. आतून निघाला तो दोन दट्ट्यांचा, अंगावर माशाच्या कल्ल्यांसारख्या पातळ धातूच्या पट्ट्या असलेला, हातात घेतला की वजनाने आपली प्रतिष्ठा जाणवून देणारा एक ऐवज. सूनबाईने त्याच्याकडे एकवार पाहिले. "काका, माजघरातला पंखा लावायला ह्यांना दोन उन्हाळे पुरले नाहीत, ह्याला मात्र मुहूर्त लगेच सापडला," एवढेच बोलून ती आत निघून गेली. पंखा अद्याप खोक्यातच आहे, हे मी येथे केवळ दप्तरी नोंद म्हणून सांगतो.

मलाही शंका आलीच होती. आयुष्याची चौतीस वर्षे सरकारी नोकरीत घालवलेल्या माणसाला कोणताही खर्च दिसला की त्याची निकड विचारल्यावाचून राहवत नाही. मी म्हणालो, "अरे, पेट्रोलपंपावर हवा फुकट मिळते. तेवढ्यासाठी हा एवढा खटाटोप कशाला?"

त्याने हातातला पाना फडक्याला पुसला आणि वर न पाहता उत्तर दिले, "काका, हे हवा भरायला नाही. सोडायला आहे."

हे उत्तर प्रथम मला चमत्कारिक वाटले, आणि मग त्याने ते उलगडून सांगितले. दोन टनांच्या आसपास वजनाची गाडी चार चाकांवर उभी असते, म्हणजे एकेका चाकाच्या वाट्याला अर्धा टन; आणि चाकात पस्तीसची हवा असेल, म्हणजे चौरस इंचाला पस्तीस पौंडांचा दाब असेल, तर तो अर्धा टन पेलायला चाक जमिनीला टेकते ते तीसएक चौरस इंच, माणसाच्या पसरलेल्या पंजाएवढे. एवढ्या मोठ्या गाडीचा भूमीशी असलेला सारा ऋणानुबंध चार पंजांचा! डांबरी रस्त्यावर तेवढा पुरतो. पण वाळूत हाच घट्ट, फुगीर, ताठ मानेचा पंजा फाळासारखा रुततो. अशा वेळी हवा निम्म्यावर आणली की चाकाचे पोट सुटते, ते खाली बसते, लांबट होते, टेकण्याची जागा जवळजवळ दुप्पट होते, आणि जी वाळू आतापर्यंत गिळायला टपली होती तीच गाडीला उंटाच्या तळव्याप्रमाणे अंगावरून जाऊ देते. दगडधोंड्यांच्या वाटेवरही मऊ चाक अणकुचीदार दगडाशी झगडत नाही, त्याला कुशीत घेऊन पुढे सरकते. मात्र डांबर लागले की ती हवा परत भरावीच लागते, कारण मऊ चाक वेगाने फिरताना त्याच्या बाजू क्षणोक्षणी दुमडतात, तापतात, आणि एखाद्या वळणावर टायर रिमवरून निसटण्याची धास्ती राहते. म्हणून ज्याच्यापाशी हवा परत मिळवण्याची तजवीज नसते, तो वाळू समोर दिसत असतानाही हातची हवा सोडायला धजत नाही. भरल्या चाकांनी जातो आणि भरल्या चाकांनी रुतून बसतो.

पुतण्या पुन्हा बॉनेटमध्ये शिरला. माझ्या डोळ्यांपुढचे वर्तमानपत्र मात्र त्या एका 'सोडायला' या शब्दाने पातळ होत गेले आणि त्याच्या पलीकडे माणगंगेचे कोरडे पात्र दिसू लागले.

साल १९७२. मी पाटबंधारे खात्यात नुकताच रुजू झालेला ओव्हरसियर होतो आणि म्हसवडपासून आटपाडीपर्यंतच्या मुलखात दुष्काळी कामांची मोजमापे घेणे, मस्टरे तपासणे, कोठे नालाबांध तर कोठे पाझर तलाव यांच्या मातीचा हिशोब लावणे हे माझ्याकडे सोपवलेले होते. माणदेश तसा नेहमीच पावसाने वगळलेला. पण त्या वर्षी आकाशाने जणू सगळी जुनी कर्जे एकदम मागायला काढली होती. माझ्या दिमतीला खात्याची एक जीप होती, आणि ती हाकणारे एक प्रौढ गृहस्थ होते, ज्यांना सारे खाते, साहेबलोकसुद्धा, मामा म्हणत असे. एका दुपारी नदीच्या उतारावर, जेथे त्या काळी पूल नव्हता, आमची जीप मध्यावर रुतली. मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, वाळूची कारंजी उडू लागली, आणि प्रत्येक फेऱ्यासरशी जीप बोटबोटभर खाली जाऊ लागली. नव्या अधिकाराच्या धुंदीत आणि त्याहून अधिक घाबरटपणाने मी "आणखी जोर द्या, आणखी जोर द्या" असा हुकूम सोडत होतो. मामांनी शांतपणे इंजिन बंद केले, खाली उतरले, चाकाकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाले, "साहेब, हवा सोडल्याबिगार ही निघायची न्हाई."

मग त्यांनी खिशातून आगपेटी काढली, बिडी पेटवली, आणि विझवलेली तीच काडी चाकाच्या वॉल्व्हच्या तोंडात अलगद दाबून धरली. त्या पांढऱ्याफेक उन्हात, जेथे पाखराचाही आवाज नव्हता, तो एकच सुस्कारा कितीतरी वेळ ऐकू येत राहिला. गेज नव्हता, घड्याळ नव्हते. मामा बिडीच्या झुरक्यांवर हिशोब ठेवत होते. पुढच्या चाकांना कमी झुरके, मागच्यांना जास्त, अशी बिडी संपली तेव्हा चारही चाके गुडघे टेकल्यासारखी दिसत होती. त्यांनी पुन्हा जीप सुरू केली, आणि मघाशी जी वाळूशी भांडत होती तीच गाडी, कोणी समजूत घातल्याप्रमाणे, काही न बोलता, हळूहळू पलीकडच्या काठावर चढून उभी राहिली.

खरी गंमत पुढे होती. गंमत म्हणावे की काय हे मला आजही ठरवता आलेले नाही. मामांच्या सीटखाली पितळी नळ्याचा एक जुना पंप होता. त्याने चार चाके भरायची म्हणजे एकेका चाकाला शंभरावर दट्टे मारायचे. काठावरच नालाबांधाचे काम चालू होते. दुपारची सुटी होऊन सुकडी वाटली जात होती, आणि जीप निघालेली पाहायला आलेली माणसे तेथेच रेंगाळली होती. मामांचा दम लागलेला पाहून त्यांच्यातला एक जण पुढे झाला आणि त्याने पंप हातात घेतला. मग दुसरा आला. मग एका म्हाताऱ्या धनगराने खांद्यावरची घोंगडी नीट घडी करून दगडावर ठेवली आणि तोही लागला. एक पोरगा दट्ट्याच्या मुठीवर अंग टाकून लोंबकळत होता आणि त्याचे सारे वजनसुद्धा तो दट्टा पुरता खाली नेऊ शकत नव्हते, यावरून एवढा हशा पिकला, की बायकाही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. छातीचे पिंजरे मोजता येतील अशी ती माणसे होती. सकाळपासून त्यांनी माती वाहिली होती आणि दुपारनंतर पुन्हा वाहायची होती. त्या मधल्या विसाव्याच्या घटकेत ती आळीपाळीने आपला श्वास, दुसरा शब्द मला सुचत नाही, सरकारी जीपच्या चाकांत भरत होती, आणि मी मांडीवर मस्टर घेऊन सावलीला बसलो होतो. अखेर मामांनी अंगठ्याने चाक दाबून पाहिले आणि "झालं" म्हणाले.

त्या संध्याकाळी मुक्कामावर कंदिलाच्या उजेडात मी हजेरी रुजू घालायला बसलो. माती खोदणे होते, दगड वाहणे होते, पाणी देणे होते. हवा भरणे याला रकाना नव्हता. शिरस्त्याबाहेरच्या गोष्टीची नोंद करण्याचे धाडस माझ्यात नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी ते मनातही आले नाही. ते मनात येऊ लागले ते पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, जेव्हा कोणतेही मस्टर माझ्या हाती उरले नाही तेव्हा.

हवेचे हे असेच आहे. तिची मोजदाद करायला माणूस फार उशिरा बसला. चाकात हवा कोंडण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाला सुचली आणि १८४५ मध्ये त्याने तिचे पेटंटही घेतले. पण जग तेव्हा लाकडी आणि लोखंडी चाकांवर खडखडत जाण्यात इतके रमलेले होते, की ती कल्पना चाळीस वर्षे दप्तरात पडून राहिली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसू नयेत म्हणून, रबरी नळीत हवा भरून ती चाकांना लावली व तिचे पेटंट मिळवले; आणि थॉमसनचा जुना हक्क उघडकीस येताच ते पेटंट बाद ठरले. नाव मात्र डनलॉपचेच राहिले, आणि राहिले तेही कोठे, तर आमच्या उसाच्या पट्ट्यात, जेथे रबरी चाकांच्या बैलगाडीलाच 'डनलॉप' म्हणतात आणि त्या नावाचा एक माणूस होऊन गेला हे सांगितले तर गाडीवान थट्टा समजून हसतो.

आमच्या लहानपणी हवेची ओळख सायकलीमुळे व्हायची. वालट्यूबचा तो वीतभर पिवळट तुकडा, वॉल्व्हवर चढवताना त्याला लावायची थुंकी, आणि पंप मारता मारता नळीचे खालचे टोक हळूहळू तापत जाणे. हवा दाबली की तापते, हे मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या आधी तळहाताने सांगितले. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, की त्या नियमावरच तर डिझेल इंजिन चालते; तेथे ठिणगी नसतेच, हवाच इतकी दाबतात की ती तापून इंधन पेटवते. १८९७ मध्ये रुडॉल्फ डीझेलने ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवले त्याचे मर्म माझ्या सायकलच्या पंपात होते, हे कळायला मला सत्तरी उलटावी लागली. म्हणजे त्या उघड्या बॉनेटखाली हवेला कोंडून तिच्याकडून वेठ घेणारी यंत्रे आधीच दोन होती: इंजिन एक, आणि त्याला वारा घालणारा टर्बो दुसरा. आता तिसऱ्याची भरती होत होती.

दुसरा रविवार जागेच्या वादात गेला. वायरमनचे मत पडले, की यंत्र मागे हौद्यात ठेवावे. पुतण्या म्हणे तेथे धूळ आणि पाणी दोन्ही येणार. सीटखाली धूळ नाही, पण आवाज आणि उष्णता माणसांच्या वाट्याला. बॉनेटखाली इंजिनाची धग. शेवटी धगीपासून जरा दूर, उंचावर, पाण्याचा शिंतोडा पोहोचणार नाही अशी जागा मुक्रर झाली, आणि हवा आत घेण्याची चाळणी एका नळीने आणखी वर, स्वच्छ वाऱ्याकडे नेण्याचे ठरले. पट्टीसाठी पत्र्याला भोक पाडायची वेळ आली तेव्हा ड्रिल हातात धरून पुतण्या इतका वेळ थबकला, की उपनयनात बटूचे कान टोचायला बसलेल्या सोनाराचीही एवढी चलबिचल होत नसेल. अखेर वायरमननेच "दादा, बाजूला व्हा" म्हणून ते पातक आपल्या शिरावर घेतले.

तारांची रचना मला फार आवडली, कारण तीत मला माझी जुनी कचेरी सापडली. बॅटरी म्हणजे खजिना. खजिन्यातून निघालेल्या जाड तारेवर वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवलेला. हा नाकेदार असा इमानी, की वाजवीपेक्षा जास्त ऐवज जाऊ लागला तर स्वतः जळून जातो पण वाट देत नाही. आणि मग रिले. गाडी चालवणाऱ्याच्या हाताशी जे बटण असते त्यातून यंत्राला लागणारा सगळा प्रवाह नेला तर ते बटण वितळेल; म्हणून बटणातून जातो फक्त एक क्षीण इशारा, तो इशारा रिलेला मिळतो, आणि रिले आपल्या अंगावर घेऊन मोठा दरवाजा उघडतो. साहेबाने कागदाच्या कोपऱ्यात केलेल्या सहीच्या फराट्याने तालुक्यातल्या शेकडो मजुरांचे फावडे उचलले जावे तसे हे. शिरस्तेदार नावाचा प्राणी कचेरीत कशासाठी असतो, हे मला रिले पाहून जितके स्वच्छ कळले तितके शिरस्तेदारांच्या हाताखाली काम करूनही कळले नव्हते.

पण खजिना आणि मजूर यांच्यामधली वाट अरुंद असेल तर काय होते, तेही त्याच दिवशी दिसले. वायरमनने आपल्यापाशी असलेली जरा बारीक तार वापरली होती. बटण दाबताच यंत्र सुरू झाले खरे, पण कण्हत. आणि मिनिटभरात तारेला हात लावला तर ती गरम. निघालेली वीज वाटेतच खर्ची पडत होती. याविषयी अधिक बोललो तर लोक म्हणतील मी दुष्काळी कामांविषयीच बोलतो आहे. पुढल्या रविवारी करंगळीएवढ्या जाडीची तांब्याची तार आली, तिच्या टोकांना थिंबल दाबून बसवले गेले, इंजिन आणि माणसे यांच्या मधल्या पत्र्यातून जाताना ती कापली जाऊ नये म्हणून भोकाला रबरी ग्रोमेट लागले, आणि यंत्राचा आवाज एकदम भारदस्त झाला.

गाडीच्या पोटाखाली चार लिटरची एक लहानशी टाकी बसवली आहे. यंत्र ती भरत राहते आणि दाब दीडशे पौंडांपर्यंत चढला की आपोआप थांबते. एकशे पस्तीसच्या आसपास उतरला की पुन्हा सुरू होते. या टाकीने माझे लक्ष वेधले ते एका निराळ्या कारणाने. आमच्या माजघरात वडिलांची वाजवायची पेटी आहे. पेटीवादक गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले. मला त्यांची पेटी समक्ष ऐकायला मिळाली नाही, पण वडील त्यांच्याविषयी बोलताना नेहमी एक गोष्ट सांगत, की बोटे सगळ्यांना दिसतात, भाता कोणी पाहत नाही. पेटीत भाते दोन असतात: एक बाहेरचा, जो हात हलवतो, आणि एक आतला, स्प्रिंगांच्या दाबाखाली हवा राखून ठेवणारा. बाहेरचा हात क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही तो आतल्या भात्यामुळे. लहानपणी मी वडील घरी नसताना पेटी उघडून तो आतला भाता फुगताना पाहिला होता आणि मला ते फार लाजिरवाणे वाटले होते. झोपलेल्या माणसाचे पोट वरखाली होताना पाहावे तसे. टाकी बसवून झाल्यावर पुतण्याने तिच्या खालची लहानशी चावी मला दाखवली. दाबलेल्या हवेतली वाफ थंड होऊन टाकीत पाणी साचते, ते अधूनमधून काढून टाकावे लागते. साताऱ्याच्या कोरड्या हवेत एवढे पाणी आहे, हे ऐकून माझ्यातला पाटबंधारेवाला जरा ओशाळला.

पंक्चरवाल्याची मात्र मला आठवण येत राहिली. हमरस्त्याच्या कडेला रंगवलेला जुना टायर उभा करून, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हवा' लिहून बसलेला माणूस. बहुधा केरळातून आलेला, आणि बोलायला आमच्यापेक्षा चांगले मराठी. "किती?" तो विचारतो. "पुढं तीस, मागं पस्तीस." कशाचे पस्तीस, हे त्याने कधी विचारले नाही आणि आपण कधी सांगितले नाही. त्या चार शब्दांच्या व्यवहारात पावसाची चौकशी होते, पुढच्या घाटात दरड पडल्याची बातमी मिळते, आणि तो थुंकीचे बोट वॉल्व्हवर फिरवून हवा जात नाही याची खातरजमा करून देतो. पुतण्याच्या गाडीला आता त्याच्याकडे जाण्याचे कारण उरले नाही. यात वाईट काय, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. स्पितीत कुंझुम खिंडीजवळ, सुमारे साडेचार हजार मीटरांवर, जेथे हवाच समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडी अधिक असते आणि यंत्रालाही धाप लागते, तेथे कोणता पंक्चरवाला बसणार?

तिसऱ्या रविवारी सांधे तपासण्याचा समारंभ झाला. दाबून निघालेली हवा कढत असते, म्हणून पहिला पल्ला रबरी नळीचा नसून पोलादी जाळी विणलेल्या नळीचा; पुढे एकेका जोडाला टेफ्लॉनची टेप; शेवटी समोरच्या बंपरपाशी, बोटाने सरकवताच नळी धरून बसणारे एक तोंड. सूनबाईकडून भांड्यांचा साबण मागवण्यात आला. तिने तो दिला, पण पंख्याच्या खोक्याकडे पाहत दिला. पुतण्या प्रत्येक सांध्यावर फेस लावत गेला आणि आम्ही तिघे श्वास रोधून पाहत राहिलो. सगळे सांधे मुके राहिले. एका ठिकाणी मात्र, पुष्कळ वेळाने, मोहरीएवढा एक बुडबुडा आला, उन्हात इंद्रधनुष्य दाखवून फुटला, आणि जरा थांबून तेथेच दुसरा आला. जोड पुन्हा आवळला. तरी यायचा तो बुडबुडा आलाच. फक्त पहिल्याहून सावकाश. "एवढं चालतं, दादा," वायरमन म्हणाला.

पुढच्या शनिवारी पुतण्या म्हणाला, "काका, चला. तुमची ती नदी दाखवा." मी आढेवेढे घेतले, ते मोडीत निघावेत एवढ्याच बेताने घेतले. दहिवडी गेली, म्हसवड गेले. सिद्धनाथाला बाहेरूनच हात जोडले. पूल आता झाला आहे. पुलाच्या अलीकडे डाव्या हाताने जुना उतार शोधून काढायला मला बराच वेळ लागला, कारण खुणा सगळ्या बदलल्या होत्या, आणि सापडला तेव्हा पुतण्या खाली उतरून इकडेतिकडे पाहत म्हणाला, "काका, वाळू कुठं आहे?"

वाळू नव्हती. घरे बांधायला, रस्ते बांधायला, कोणत्या कोणत्या शहरांचे मजले चढवायला ती ब्रासांच्या मापाने निघून गेली होती, आणि उरले होते ते खड्डे, उघडा पडलेला खडक, मातकट चिखलाचे वाळलेले पापुद्रे व सगळीकडे माजलेली वेडी बाभूळ. पात्राची तळजमीन इतकी खाली गेली होती, की मी जेथे मस्टर घेऊन बसलो होतो तो काठ आता दरडीसारखा दिसत होता. ज्याच्यासाठी एवढी सिद्धता केली तो शत्रू मैदानातून केव्हाच उठून गेला होता. पुतण्याचा विरस झाला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. पण तो उमदा मुलगा आहे. दगडांची वाट तरी आहे, असे म्हणून त्याने चारही चाकांची हवा सोडली. काडीने नव्हे, पितळी टोपणासारख्या एका उपकरणाने, गेज पाहून. सुस्कारा मात्र तोच. मी डोळे मिटून बिडीचे झुरके मोजण्याचा प्रयत्न केला, जमले नाही.

गाडी मऊ पावलांनी पात्रात उतरली, खडकावरून डुलत पलीकडे गेली आणि चढून उभी राहिली. त्याने नळी जोडली, बटण दाबले. एकेका चाकाला मिनिट-दीड मिनिट. काठावर चार शेळ्या चरत होत्या. त्यांनी आवाज ऐकून कान टवकारले आणि पुन्हा माना खाली घातल्या. दूरच्या रस्त्यावरून एक दूधवाला मोटारसायकलवर किटल्या वाजवत गेला. कोणी जवळ आले नाही. यावे असे काही कारणही नव्हते. पुतण्याने नळी गुंडाळून ठेवली आणि घड्याळ पाहून समाधानाने म्हणाला, "सात मिनिटं." मी गाडीतून उतरून चाक अंगठ्याने दाबून पाहिले. मला त्यातले काही कळत नाही, तरीही पाहिले.

रात्री उशिरा घरी आलो. अंगणात गाडी लावून सारे झोपले. मला वयोमानाने झोप थोडी. ओसरीवर पडलो होतो. पारिजातकाची पहिली फुले गाडीच्या टपावर पडू लागली असावीत. इतक्यात बॉनेटखालून 'टक्' असा आवाज झाला, आणि यंत्र आपले आपण सुरू झाले, दोनचार श्वास घेतले, आणि थांबले. पुतण्या बटण बंद करायला विसरला होता. तो मोहरीएवढा बुडबुडा अंधारात कोठेतरी आपले काम करत होता, टाकीतली हवा कणाकणाने कमी होत होती, आणि कमी झाली की यंत्र उठून ती भरून काढत होते. किल्ली आत खुंटीला होती. उठून बटण बंद करावे, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असायची, हे मला कळत होते. मी उठून बसलो खरा. पण आतापासून पुढचा 'टक्' किती वेळाने येतो ते पाहावे म्हणून मनात आकडे मोजू लागलो. शंभराच्या पुढे गेलो, तरी आला नव्हता.